खेळातले कुलूप खरेच हवे!

पत्र्याची एक छोटी पेटी, तिला तीन आकडी कुलूप आणि पेटीभोवती डोकी एकत्र करून बसलेले सहा विद्यार्थी. आमच्या शाळेतील विज्ञान मंडळाच्या एका शनिवारच्या बैठकीतले हे दृश्य आहे. पेटी गोष्टीतली होती. कुलूप मात्र बाजारातून विकत आणलेले, खरेखुरे होते. खेळात असे खरे कुलूप असावे की नसावे, याविषयी आम्हा शिक्षकांतच मतभेद आहेत. माझे मत येथे मांडतो.

प्रथम हा खेळ कोणता, ते सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो म्हणतो, “तुम्ही एका पडक्या वाड्यात शिरला आहात. समोर बंद दार आहे. आता काय कराल?” बाकीच्यांनी एकेका पात्राची भूमिका घेतलेली असते, कोणी वैद्य, कोणी शिपाई, कोणी चोर. प्रत्येक जण आपल्या पात्राच्या वतीने उत्तर देतो आणि बेत साधला की फसला हे फासे ठरवतात. लहानपणी आपण सर्वांनीच ‘समजा, मी राजा’ म्हणून केलेला खेळ तो हाच. फक्त त्याला नियमांची शिस्त लावली आहे. यातले फासेही पाहण्यासारखे असतात. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे हे फासे म्हणजे भूमितीतील पाचही सुसम घन होत. सहावा असा घन असूच शकत नाही, हे ग्रीकांना ठाऊक होते.

वाटेत कोडी येतात. पूर्वी ती बहुधा तोंडीच घातली जात. पुढे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ या साहसकथेसोबत खेळाडूंना दाखवण्यासाठी चित्रांची पुस्तिका आली, आणि १९८१ साली आलेल्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या खेळात जुनी पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे अशा गोष्टी खेळाडूंच्या हाती देण्याची पद्धत रुळली. तेथून खऱ्या कुलपापर्यंतचे अंतर थोडेच उरले.

आता तोंडी कोड्यात काय घडते ते पाहा. एकदा मी विचारले, “सारखी बरोबर असते, पण मुठीत येत नाही. ती कोण?” माझ्या वहीत उत्तर होते, सावली. एका मुलाने सांगितले, “हवा.” मी “चूक” म्हणालो आणि त्याच्या पात्राला खड्ड्यात पाडले. घरी जाताना माझ्या लक्षात आले की, त्याचे उत्तर माझ्यापेक्षा सरस होते. अंधारात सावली नसते, हवा असते. पण प्रश्न माझा, उत्तर माझे आणि निकाल देणाराही मीच. असा खेळ म्हणजे तोंडी परीक्षाच झाली! शिवाय तोंडी कोडे ज्याचा आवाज मोठा त्याचे होते. कुलपाचे तसे नाही. ते कोणाचे तोंड पाहून उघडत नाही, आणि आकडे जुळले तर सूत्रधाराची इच्छा नसली तरी उघडते.

यातील शेवटचे वाक्य मला त्या शनिवारी चांगलेच भोवले.

खेळ असा होता. गडावरची विहीर आटली आहे आणि जुन्या किल्लेदाराची एक सांकेतिक चिठ्ठी सापडली आहे. संकेत उलगडण्याची चकती पेटीत बंद आहे. कुलपाचा आकडा मिळवण्यासाठी मी पुठ्ठ्याचे तीन घन ठेवले होते: चार, सहा आणि आठ पृष्ठांचे. त्याच क्रमाने त्यांचे कोपरे मोजले की ४, ८, ६ हे आकडे मिळतात. चकती मी स्वतः केली होती. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजने, त्यांत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मिळवले की छत्तीस होतात. म्हणजे प्रत्येक अक्षराला बरोबर १० अंश. कोनमापक घेऊन चकती आखताना आपली वर्णमाला वर्तुळासाठीच केली असावी असे वाटते! एक लहान आणि एक मोठी चकती मधोमध टाचणीने जोडली की झाले. इटलीच्या लिओन बत्तिस्ता आल्बेर्तीने पंधराव्या शतकात अशाच चकतीचे वर्णन केले आहे. प्रत्येक व्यंजनाऐवजी पुढचे तिसरे घ्यायचे, ही युक्ती तर ज्यूलियस सीझरची. स्वर, मात्रा आणि अनुस्वार मी होते तसेच ठेवले.

चिठ्ठी होती: “भादी आढषेषे बाज्ञी. धे रिंधीआत आज्ञे.”

चौघांनी घन बळकावले. पाचव्याने पेटी ओढून ०००, ००१, ००२ असे आकडे फिरवायला सुरुवात केली. त्याला मी अडवले नाही. एकूण शक्यता १,०००. एका प्रयत्नाला ३ सेकंद धरले तरी सर्व संपायला ५० मिनिटे आणि ४८६पर्यंत पोचायला सुमारे २४ मिनिटे. तेवढी चिकाटी असेल त्याने जरूर उघडावे. सहावी मुलगी सहसा बोलत नाही. तिच्या वाट्याला चिठ्ठीची प्रत तेवढी उरली होती.

दहा मिनिटांनी ती हळूच म्हणाली, “सर, ‘पाणी आटलेले नाही, ते भिंतीआड आहे’ असे आहे का?”

पेटी बंद, चकती पेटीत, आणि उत्तर हिच्या हाती! तिने कारण सांगितले ते असे. वाक्याच्या शेवटी ‘आज्ञे’ आहे. मात्रा तशाच ठेवल्या असतील तर तो शब्द ‘आहे’ असावा. मग ‘बाज्ञी’ म्हणजे ‘नाही’. ‘ह’च्या पुढे ळ, क्ष, ज्ञ: तीन घरे. ‘न’च्या पुढे प, फ, ब: पुन्हा तीनच घरे. दोन वेगवेगळ्या तर्कांचे उत्तर एकच आले, तेव्हा तिने उरलेली अक्षरे तीन घरे मागे नेली. भाषेतील नेहमीच्या गोष्टींचा माग काढून संकेत फोडण्याची ही दिशा नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदीने, अक्षरे किती वेळा येतात ते मोजून, दाखवली होती. या मुलीने त्याचे नावही ऐकले नव्हते.

आणि मी काय म्हणणार होतो? “असे नाही चालायचे, आधी पेटी उघडा.” शब्द ओठांपर्यंत आले होते. चकतीसाठी माझे दोन दिवस गेले होते ना! पण चिठ्ठी खरी होती आणि तिने ती खरोखर वाचली होती. मी विहिरीची भिंत फुटल्याचे जाहीर केले. घन मोजणारे चौघे थोडे हिरमुसले.

माझे सहकारी यावर एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, पात्र विद्वान आणि खेळाडू कच्चा, असे असले तर? भाला फेकता येत नाही म्हणून आपण कोणाच्या शिपायाला हरवत नाही. मग कोडे सुटले नाही म्हणून विद्वानाला का हरवावे? मला यातला अर्धा भाग मान्य आहे. म्हणून आमच्याकडे विद्वानाचे पात्र घेतलेल्याला फासा टाकून सूत्रधाराकडून एक सूचना मागता येते. सूचना मिळते, उत्तर नाही. दुसरे, ज्या दारामागे सारी गोष्ट अडेल त्या दाराला कुलूप मी कधी घालत नाही. कोडे न सुटल्यास वाट लांबची पडावी, बंद होऊ नये. आणि कागदाच्या प्रती तीन तरी काढाव्यात. त्या दिवशी माझ्याकडे एकच जादा प्रत होती म्हणून ती हिला मिळाली.

खर्चाची सबब मात्र मला पटत नाही. कुलूप सोडले तर सगळे पुठ्ठा, टाचणी आणि लिंबू यांवर भागते. (लिंबाच्या रसाने लिहिलेला मजकूर पूर्वी विजेच्या दिव्याजवळ धरला की उमटत असे. आजचे एलईडी दिवे पुरेसे तापत नाहीत. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली इस्त्री वापरावी.)

पंधरा दिवसांनी त्याच मुलीने आपली चिठ्ठी आणली. तिने मात्राही बदलल्या आहेत आणि शब्दांमधील मोकळ्या जागा काढून टाकल्या आहेत. सूत्रधार या वेळी ती होती. बाकीचे पाच जण आणि मी तासभर बसलो. मी फासा टाकून एक सूचनाही मागितली. चिठ्ठी अजून माझ्या खिशात आहे.