पिल्लांची राखण आणि थिजणारे यंत्र



पनवेल तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. परसातल्या शेडमध्ये त्यांनी दोनशे पिल्ले आणली. मुलाने ब्रूडरच्या दिव्यांना ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणक जोडून दिला. ऊब कमी झाली की दिवे लावायचे, वाढली की विझवायचे, एवढेच त्याचे काम. पण आठवड्यात तीनदा तो हँग झाला. एकदा दिवे विझलेले असतानाच थिजला आणि पहाटे सव्वीस पिल्ले कोपऱ्यात एकमेकांखाली चेंगरून मेलेली दिसली. “हे यंत्र फेकून देऊ का?” असे त्या विचारतात.

ताई, फेकू नका. बैल औताला बसला, तर आपण आधी त्याची वैरण बघतो. इथेही तसेच करा.

हा संगणक २०१२ साली इंग्लंडमध्ये मुलांच्या शिक्षणासाठी निघाला. त्याची वैरण म्हणजे वीज. तुमच्या पत्रावरून तो चौथ्या पिढीचा दिसतो. त्याला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा चार्जर लागतो. तुम्ही मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक वायर लावली आहे. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला अर्ध्या इंचाचा पाइप जोडावा, तसे हे झाले. काम कमी असते तेव्हा भागते. दिव्यांचा रिले ओढला किंवा कॅमेरा चालू झाला की व्होल्टेज पडते आणि यंत्र थिजते. खूण सोपी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते किंवा यंत्रावरचा लाल दिवा मधूनच विझतो. असे दिसले, तर योग्य चार्जर आणि आखूड, जाड वायर घ्या.

त्यानंतर मेमरी कार्ड बघा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, की आतला मजकूर बिघडतो. मुलाला नव्या, खात्रीच्या कार्डावर सगळे पुन्हा भरायला सांगा, आणि एक भरलेले कार्ड डब्यात जपून ठेवा. यंत्र बंद करताना प्लग उपसू नका; आधी पडद्यावरून बंद करा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे हे यंत्र आपणच वेग कमी करते. त्याला दिव्याखाली किंवा घट्ट बंद डब्यात ठेवू नका. खाली अंथरलेल्या भाताच्या तुसाची धूळ आणि पावसाळ्यातली खाडीकडची दमट हवा यांनी पिना खराब होतात. म्हणून शेडबाहेर, कोरड्या भिंतीवर, हवा खेळेल असे टांगा.

एका वेळी एकच बदल करा. सगळे एकदम बदलले, तर दुखणे कुठे होते ते कधीच कळत नाही. आधी कॅमेरा, रिले सारे काढून नुसते यंत्र घरात एक दिवस-रात्र चालवा. ते टिकले, तर एकेक वस्तू जोडत जा. थिजल्यास आपणहून पुन्हा सुरू होण्याची सोयही यात आहे. तिला ‘वॉचडॉग’ म्हणतात. ती मुलाकडून चालू करून घ्या.

हे सारे होईपर्यंत पिल्ले त्याच्या भरवशावर ठेवू नका. दिव्यांना वायरमनकडून साधा थर्मोस्टॅट बसवून घ्या, आणि यंत्र सुधारले तरी तो राहू द्या. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्ले दिव्याखाली दाटली तर थंडी आहे, दिव्यापासून लांब पळाली तर उकाडा आहे, आणि सारखी पसरली तर ठीक आहे.

रात्री निजण्यापूर्वी आणि एकदा मध्यरात्री घरातल्या कुणीतरी शेडमध्ये डोकावावे. चार्जर बदलल्यावर काय झाले ते जरूर कळवा.