फोनने शंका द्यावी, खात्री देऊ नये

माझी भाची विमान चालवायला शिकते. आमच्या घराण्यात स्कूटरच्या पुढे कोणी गेले नव्हते, त्यामुळे या गोष्टीचे कौतुक जेवढे, तेवढीच धास्तीही. गेल्या दिवाळीत ती आली आणि चकल्यांची बशी बाजूला सारून तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. "मामा, तू आयुष्यभर यंत्रांची थरथर मोजलीस ना? मग हे बघ."

मी कारखान्याच्या देखभाल विभागात तीस वर्षे काढली. नवा होतो तेव्हा आमचे वस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवीत, मूठ कानाला लावीत आणि "अजून पंधरा दिवस काढील" असे सांगून मोकळे होत. पुढे मोजमापाची यंत्रे आली. आता तेच काम खिशातला फोन करतो, असे भाचीचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. फोन आडवा केला की चित्रही आडवे होते, ते त्याच्या पोटातल्या त्वरणमापकामुळे. त्यात सिलिकॉनचा अतिसूक्ष्म सांगाडा असतो. हादरा बसला की तो जरासा हलतो आणि त्या हलण्यावरून हादऱ्याचा जोर कळतो.

तिचे विमान सेस्ना १७२. या जातीचे पहिले विमान १९५५ साली उडाले आणि आजही जगभर शिकाऊ मंडळी त्यावरच हात बसवतात. चार सिलिंडरांचे इंजिन, पुढे दोन पात्यांचा पंखा. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० झाले. पाती दोन, म्हणून हवेवर ८० फटके. सिलिंडरांतले स्फोटही सेकंदाला ८०च. मैफलीत तंबोरा, तबला आणि पेटी एकदमच कानी पडतात, पण जाणकार त्यांना वेगळे ओळखतो. कंपांच्या बाबतीत ही पारख फूरिए या फ्रेंच गणितज्ञाने घालून दिलेले गणित करते. आलेखावर ४०पाशी एक सुळका दिसतो, ८०पाशी दुसरा. ४०चा सुळका वाढू लागला, तर पंख्याचा तोल बिघडल्याचा संशय घ्यावा.

इथवर सारे छान. पण जुन्या चित्रपटात टांगा पुढे धावतो आणि त्याचे चाक मात्र उलटे फिरताना दिसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कॅमेरा सेकंदाला २४च चित्रे घेतो, म्हणून ही फसगत होते. फोनचेही तसेच. तो सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ८०चा कंप त्याला २०चा भासतो. ८० पकडायचे तर नोंदी १६०हून अधिक हव्यात. शिवाय इंजिन रबरी बैठकींवर बसवलेले असते आणि ती रबरे बरेच हादरे गिळतात. आत ठेवलेला फोन म्हणजे शेजारच्या घरातले भांडण भिंतीला कान लावून ऐकणे. फोन थेट इंजिनावर बांधावा म्हणाल, तर मोटारसायकलीच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलनेच २०२१ साली दिला आहे.

पंख्याचा तोल साधणारा मेकॅनिक आपले यंत्र इंजिनावरच बसवतो. पात्यावर चमकती पट्टी चिकटवतो आणि ती नेमकी केव्हा समोर येते तेही प्रकाशाने टिपतो. त्यावरूनच वजन कुठल्या बाजूला लावायचे ते ठरते. एकटा फोन 'किती' ते सांगेल, 'कुठे' ते नाही. आणि धावपट्टीवरच्या खड्याने पात्याला पडलेला खवका त्याला बहुधा कळणारच नाही. त्या खवक्यातून चीर वाढून पात्याचा तुकडा उडाला, तर बिघडलेल्या तोलाने इंजिन बैठकीतून उखडू शकते. म्हणूनच उड्डाणापूर्वी वैमानिक पात्याच्या कडेवरून डोळ्यांनी आणि बोटांनी शोध घेतो.

हे सारे मी सांगत होतो, तोच भाची म्हणाली, "पण आलेख चांगलाच आहे ना? म्हणजे काळजी नाही ना?"

तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. दोन आठवड्यांपासून तिला पायांखालची थरथर निराळी वाटत होती. शिकाऊ पोरीने मेकॅनिकला काय सांगावे, या संकोचाने ती गप्प होती. मग मागच्या बाकावर बसून तिने फोनने कंप मोजले, आकडे फारसे मोठे दिसले नाहीत आणि तिने मनाची समजूत घातली. यंत्राने तिला शांत केले होते, आणि मला भीती वाटली ती याचीच.

माझे मत सरळ आहे. शिकाऊ वैमानिकांनी फोन जरूर वापरावा. त्याच विमानात, त्याच जागी घट्ट बसवून, तेवढ्याच फेऱ्यांवर दर आठवड्याला नोंद करावी आणि आजची तुलना कालशी करावी. उड्डाणाच्या वेळी मात्र त्याच्याशी खेळत बसू नये. काही वाढलेले दिसले, तर विमान जमिनीवर ठेवून मेकॅनिककडे जावे. पण काही दिसले नाही, म्हणून अंगाला जाणवलेली शंका गिळू नये. फोनचा 'हो' ऐकावा, 'नाही' ऐकू नये. घरातही ताप नाही म्हणून आईची काळजी कुठे मिटते?

भाची गेली आणि तिने सांगितले. मेकॅनिकने तिला हसण्यावारी नेले नाही. झाकण उघडले, तर इंजिनाखालचे एक रबर चिरलेले निघाले. ते बदलल्यावर थरथर कमी झाली, असे ती म्हणते. आलेखात फरक दिसला का, हे मी विचारले नाही. आधीची नोंदच नव्हती, तर फरक कशाशी बघणार?

आता मात्र तिने वही घातली आहे. पहिल्या पानावर तारीख, फेरे, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात 'मला काय वाटले'. तो रकाना तिने स्वतःहून आखला.