सायकलची शिदोरी

सायकलवर प्रवासाला निघालेल्या माणसाचा स्वभाव त्याच्या हत्यारांच्या पिशवीवरून ओळखावा. माझी पिशवी पाहून सौभाग्यवतींनी विचारले होते, "वाटेत दुकान थाटायचा विचार आहे वाटतं?"

प्रश्न अगदीच अन्यायाचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मी व चिरंजीव पुण्याहून महाबळेश्वरला निघालो, तेव्हा पिशवीत चार ट्यूबा, जादा टायर, पाने, पक्कड, एवढेच काय, हातोडीसुद्धा होती! तिने सायकलचे काय दुरुस्त होते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

वाईपर्यंत सारे सुखरूप पार पडले. पसरणीच्या घाटात मात्र चिरंजीवांची सायकल दगडावर आडवी झाली आणि हँगर मोडला. हँगर म्हणजे मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो, तो बोटभर तुकडा. धक्का बसला तर फ्रेमऐवजी त्याने मोडावे, म्हणून तो मुद्दाम नरम धातूचा करतात. पण एका सायकलचा दुसरीला सहसा बसत नाही. आणि माझ्या साऱ्या पसाऱ्यात तेवढाच नव्हता!

पायी घाट उतरून एका पंक्चरवाल्याला गाठले. त्याने पिशवी उपडी केली, चेनची पिन काढायचे हत्यार उचलले, गिअर सोडवला आणि चेन आखूड करून सायकल एकाच चक्रावर चालती करून दिली. मग म्हणाला, "मास्तर, ओझं लई आणलंत, पायजे ते घरीच ऱ्हायलं."

तेव्हापासून माझा नियम ठरला: गावोगाव मिळते त्याचे ओझे नको, आपल्याच सायकलला लागते ते विसरणे नको. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हची ट्यूब खेड्यात मिळेलच असे नाही. दोन घ्याव्यात आणि जुन्या मोज्यात गुंडाळाव्यात, नाहीतर पान्यांवर घासून त्या पिशवीतच पंक्चर होतात. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाचे स्पोक बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या लांबीचे नसतात. दोन्हीकडचे दोन-दोन असावेत. सोल्यूशनची नळी एकदा फोडली की आतल्या आत सुकते. म्हणून कोरी न्यावी. आणि हँगर? तो सर्वांत आधी!

यंदा दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव मित्रांबरोबर कोकणात निघाले आहेत. मला बोलावणे नाही. काल रात्री त्यांची पिशवी मी हळूच उघडून पाहिली. हँगर मोज्यात नीट गुंडाळलेला होता. हातोडी नव्हती.

"काय शोधताय?" दारातून प्रश्न आला.

"काही नाही," म्हणत मी चकल्यांची एक पुडी आत सारली आणि पिशवी बंद केली.