खुडूक कोंबडीवर राग नको, हिशेब हवा



ऊसविकास अधिकाऱ्याने कोंबडीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण अंबड तालुक्यात ऊसनोंदीसाठी वस्तीवस्तीवर फिरताना एक गोष्ट दिसते. उसाचे पैसे वर्षाकाठी कारभाऱ्याच्या हाती येतात. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या मात्र अंड्यांच्या पैशांवर भागतात. तो पैसा कारभारणीचा. म्हणून चारातल्या दोन कोंबड्या खुडूक बसल्या की घरात कुरकुर सुरू होते.

मग कुणी कोंबडी पाण्यात बुचकळतो, कुणी नाकपुडीत पीस खुपसतो, कुणी पाय बांधून उपाशी ठेवतो. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी स्वतः एक कोंबडी हौदात तीनदा बुचकळली. रात्री ती गारठली, सकाळी मेली. "अंडी बंद होती, आता कोंबडीच बंद केलीत," एवढंच सौ. म्हणाली, आणि दोन दिवस बोलली नाही. शेतीची पदविका घेतलेल्या माणसाला ते फार लागलं.

खुडूक बसणे हा रोग नव्हे आणि हट्टही नव्हे. अंडी साठली, अंधारी उबदार जागा मिळाली, की अंगातले संप्रेरकच कोंबडीला बसवते. २१ दिवस उबवणीचे, पुढे पिलांमागे दीड-दोन महिने. तेवढा काळ अंडी बंद. पण काही कोंबड्या अंडी काढून घेतली तरी रिकाम्या खुराड्यात बसूनच राहतात, खात नाहीत, वाळतात. खरे नुकसान ते हे : ना अंडे, ना पिलू.

उपाय साधा आहे. अंडी रोजच्या रोज उचला. कोंबडी जागा सोडीना, अंग फुगवून चोच मारू लागली, की त्याच दिवशी हलवा. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट चार विटांवर ठेवा, आत तूस-गवत काही नको, वर दुसरे क्रेट उपडे बांधा. जागा उजेडाची पण सावलीची हवी. पोटाखालून वारा खेळला की ऊब मोडते. दाणा-पाणी पोटभर द्या. ३-४ दिवसांनी सोडून पाहा. पुन्हा खुराड्याकडे धावली तर आणखी २ दिवस ठेवा. पुढे काही आठवड्यांत अंडी सुरू होतात.

आता माझे मत. सरसकट सगळ्यांची खुडूक मोडू नये. बुडख्यांना चांगली फूट असली तर आपण खोडवा राखतो, नाहीतर नांगर घालतो. तोच न्याय इथे. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून त्यांची पिलं विकत आणावी लागतात. गावरान आई ती घरीच देते. तेव्हा जी शांत बसते, घारीपासून पिलं राखते, तिच्याखाली हिवाळ्यात १०-१२ ताजी अंडी ठेवा. बाकीच्यांची मोडा. वैशाखात मात्र कुणालाच बसवू नका. आपल्याकडच्या उन्हात साठवलेली अंडी लवकर बिघडतात.

आणि कोणती बसवायची, हे कारभारणीला विचारा. तिला प्रत्येकीचा स्वभाव ठाऊक असतो. आपण नुसती अंडी मोजतो. मी त्या दिवशी विचारलं नाही. हौदात बुचकळलेली ती कोंबडी आमच्या घरातली सगळ्यांत चांगली आई होती, हे मला मागाहून कळलं.