घाणीचा चुना

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा असून त्यात चुनखडकाचे थर नाहीत, त्यामुळे देशावरच्या गवंड्यांची भिस्त नदीकाठी आणि काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांवर राहिली. कोकणात शिंपलेही भाजत. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो उकळून फुलतो. खड्यांत चिकणमातीचा अंश असल्यास चुना ओलाव्यातही धरतो, आणि साध्या दिसणाऱ्या या खड्यांचे खरे मोल तेच होय. विरलेला चुना आणि वाळू घाणीत पडे. घाणी म्हणजे दगडी बांधणीचा वर्तुळाकार चर. त्यातून बैल जड दगडी चाक फिरवीत. मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालण्याची रीत होती. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगड बनतो. इंग्लंडमध्ये १८२४ साली पेटंट मिळालेले पोर्टलंड सिमेंट झटपट घट्ट होते, म्हणून विसाव्या शतकात घाण्या बंद पडत गेल्या. चुनखडकाचे मोठे साठे असलेल्या चंद्रपूर-यवतमाळ भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. नव्या बांधकामाला सिमेंट योग्यच. मात्र जुन्या भिंतींत ते ओल कोंडते व दगडाची झीज वाढवते. म्हणून किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दुरुस्तीत चुनाच वापरला पाहिजे.