मैदानावरील पुरुषी मक्तेदारी

वऱ्हाडाला व्यायामाची परंपरा कोणी शिकवावी असे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. अशा भूमीत अमरावती-अकोल्याच्या अनेक महाविद्यालयांत आजही मुलांचा व्हॉलीबॉल संघ वर्षभर सराव करतो आणि मुलींचा संघ मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तोंडावर कसाबसा जमविला जातो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

संस्थाचालकांची उत्तरे ठरलेली असतात. म्हणे पैसा नाही! व्हॉलीबॉलला तेच अठरा मीटर लांब व नऊ मीटर रुंद मैदान लागते, तोच चेंडू लागतो, तेच खांब लागतात. पुरुषांसाठी जाळी २.४३ मीटर उंचीवर बांधतात, स्त्रियांसाठी २.२४ मीटरवर. एकोणीस सेंटिमीटर जाळी खाली घेण्यास कोणते अनुदान लागते? क्रीडाशुल्क घेताना मुलींना कोणी सवलत देत नाही. मग त्या शुल्कातून उभ्या राहिलेल्या मैदानावर त्यांचा हक्क दुय्यम कसा?

दुसरे उत्तर, मुलीच येत नाहीत. येणार कशा? सराव सायंकाळी, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडे जाणाऱ्या मुलीला एस.टी. गाठायची असते आणि घरी चूल तिची वाट पाहत असते. गैरसोय आपण निर्माण करायची आणि तिला मुलींची अनिच्छा म्हणायचे, ही शुद्ध लबाडी आहे.

१९६४ साली टोकियोत व्हॉलीबॉलने ऑलिंपिकमध्ये प्रवेश केला. स्त्रियांचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या जपानी संघातील बहुसंख्य खेळाडू निचिबो कापडगिरणीत नोकरी करणाऱ्या मुली होत्या. त्यांच्या सरावातील निर्दयता आपणांस नको. पण मैदान, प्रशिक्षक आणि वेळ मिळाल्यास श्रमिक मुली काय करू शकतात, हे कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाने ध्यानी घ्यावे.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विशिष्ट दर्जाच्या स्पर्धांतील प्रावीण्य लागते. जिला मैदानच मिळाले नाही, तिला ते प्रावीण्य कोठून मिळणार? शेतमजुराच्या मुलीपुढील भाकरीची एक वाट येथेच बंद होते.

डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला पहिले स्थान दिले. ती समता ठरावांत नव्हे, वेळापत्रकात दिसली पाहिजे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : प्रत्येक महाविद्यालयाने मैदानाचे तास आणि क्रीडाशुल्काचा खर्च मुले व मुली असा वेगळा जाहीर करावा, मुलींचा सराव तासिकांच्या वेळेतच ठेवावा, आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने हा हिशेब दरवर्षी तपासावा. गाडगेबाबांचे नाव पाटीवर लावणाऱ्यांनी निदान आपल्या अंगणातील विषमता झाडून काढावी. विद्यार्थिनींनी आणि युवक संघटनांनी हा हिशेब आता प्राचार्यांच्या दारात जाऊन मागितला पाहिजे.