बायबलचे प्रामाण्य कशात आहे?

बायबलमध्ये इतिहास, भूगोल, वंशावळ, आकडे अशा कोणत्याही बाबतीत एकही चूक असू शकत नाही, असे मानणारा ख्रिस्ती लोकांचा फार मोठा वर्ग जगभर आहे. हे मत भाबडेपणाचे म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड या प्रिन्स्टन परंपरेतील दोन व्यासंगी धर्मपंडितांनी १८८१ साली ते काटेकोर शब्दांत मांडले आणि १९७८ साली शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी १९ कलमांच्या जाहीरनाम्यात ते पक्के केले. त्याची मुळे याहूनही जुनी आहेत. पवित्र शास्त्राच्या लेखकांकडून चूक झालेली नाही, असे पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिननेही जेरोमला पत्रातून कळवले होते. या पूर्वपक्षाचा सारा भार एका अनुमानावर आहे: देव असत्य बोलत नाही, बायबल हा देवाचा शब्द आहे, म्हणून बायबलमध्ये चूक नाही. पहिले विधान कोणीही श्रद्धावान मान्य करील. दुसरेही मला मान्य आहे. परंतु तिसरे त्या दोहोंतून आपोआप निघत नाही. देव माणसांच्या तोंडून आणि लेखणीतून बोलला, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. त्या माणसांची स्मृती, त्यांच्या काळचे ज्ञान, त्यांचे पूर्वग्रह हे सगळे पुसून तो बोलला, की तसेच राहू देऊन बोलला, हा प्रश्न बसल्या जागी अनुमानाने सुटणारा नाही. त्यासाठी ग्रंथ उघडून पाहावा लागतो.

ग्रंथ उघडला की काय दिसते? दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची कथा जुन्या करारात दोनदा येते. दुसऱ्या शमुवेलाच्या २४व्या अध्यायात इस्राएलाचे लढवय्ये ८ लाख आणि यहूदाचे ५ लाख भरतात. पहिल्या इतिहासाच्या २१व्या अध्यायात तेच आकडे ११ लाख आणि ४ लाख ७० हजार होतात. पुढे वेदी बांधण्यासाठी दावीद खळे विकत घेतो, ते एका ठिकाणी बैलांसकट चांदीच्या ५० शेकेलांना, तर दुसऱ्या ठिकाणी सोन्याच्या ६०० शेकेलांना. नव्या करारात मत्तय सांगतो की यहूदा इस्कर्योताने पैसे मंदिरात फेकून गळफास घेतला आणि त्या पैशांतून याजकांनी कुंभाराचे शेत घेतले. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र ते शेत यहूदा स्वतःच घेतो आणि तिथे पालथा पडून त्याचे पोट फुटते. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात येशू म्हणतो की दावीदाने समर्पित भाकरी खाल्ल्या तेव्हा अब्याथार हा प्रमुख याजक होता. शमुवेलाच्या पुस्तकात त्या जागी अब्याथाराचा बाप अहीमलेख आहे. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण अब्याथाराचे नाव दोघेही गाळतात. येशूचा जन्म मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे हेरोद राजाच्या हयातीत झाला, लूकाच्या म्हणण्याप्रमाणे सुरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या काळातील नावनिशीच्या वेळी. हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात; क्विरीनियाने यहूदियात नावनिशी केली ती इसवी सन ६ मध्ये. मधले दशक कोणत्याही हिशेबाने भरून निघत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: या विसंगती वरवरच्या आहेत, नीट जुळवून पाहिले तर सगळे बसते. यहूदाने फास घेतला, दोर तुटला आणि तो खाली पडला, असे म्हटले की दोन्ही वृत्तांत खरे ठरतात. पण दोर तुटल्याचे ना मत्तय सांगतो, ना कृत्यांचा लेखक. आणि शेत याजकांनी घेतले की यहूदाने, हे त्या दोराने सुटत नाही. अशा जुळवाजुळवीतून जी कथा तयार होते ती एकाही पवित्र लेखकाने लिहिलेली नसते. म्हणजे शास्त्राचा शब्दन् शब्द जपायला निघालेला माणूस शेवटी शास्त्राबाहेरच्या स्वतःच्या कथेवर विश्वास ठेवून बसतो. या प्रयोगाचा निकाल चर्चच्या इतिहासात एकदा लागूनही गेला आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तातियान नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून ‘दियातेस्सारोन’ हा सलग ग्रंथ केला. सुरियातील मंडळ्यांमध्ये तो पुढे दीर्घकाळ उपासनेत वाचला जाई. पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने त्याच्या २०० हून अधिक प्रती गोळा करून दूर केल्या आणि त्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने ठेवली. एकसंध, गुळगुळीत वृत्तांत हाती असूनही परस्परांशी न जुळणारे चार वृत्तांत तसेच राहू द्यायचे, हा चर्चने जाणूनबुजून केलेला निवाडा होता. त्या वेळच्या वाचकांना विसंगती दिसत नव्हत्या असे नाही. दिसूनही त्यांनी त्या पुसल्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक सावध आहे, आणि शिकागो जाहीरनाम्याने त्याचाच आधार घेतला आहे: निर्दोषत्व मूळ हस्तलिखितांना लागू आहे, नंतरच्या नकलांना नाही. यात तथ्याचा अंश आहे. यहोयाखीन राजा गादीवर आला तेव्हा १८ वर्षांचा होता असे राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, तर दुसऱ्या इतिहासाच्या हिब्रू प्रतीत ८ वर्षांचा. इथे नकलकाराचा हात घसरला असणे सहज शक्य आहे. पण यहूदाचे मरण किंवा क्विरीनियाची नावनिशी नकलकाराच्या माथी मारता येत नाही, कारण तिथे सबंध प्रसंगच वेगळा आहे. शिवाय एकही मूळ हस्तलिखित आज अस्तित्वात नाही. जॉन मिल याने १७०७ साली ग्रीक नव्या कराराची आवृत्ती काढली तेव्हाच त्याने सुमारे ३० हजार पाठभेद नोंदवले होते. मार्काच्या शेवटच्या १२ ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन मोठ्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातील कथाही त्यांत नाही. यातले बहुतेक पाठभेद क्षुल्लक आहेत आणि मूळ पाठ बऱ्याच खात्रीने ठरवता येतो, हे खरेच. पण देवाला प्रत्येक अक्षर निर्दोष असणे इतके महत्त्वाचे वाटत होते, तर ती अक्षरे त्याने जपली का नाहीत? कोणी पाहिलेल्या नाहीत आणि पाहता येणार नाहीत अशा प्रतींविषयीचा दावा खोटा ठरण्याची भीती नसते, पण हातात बायबल घेऊन बसलेल्या वाचकाला त्याचा काही उपयोगही नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मनापासून येतो, म्हणून त्याला पूर्ण उत्तर दिले पाहिजे. एका ठिकाणी चूक कबूल केली की सगळ्याचाच भरवसा गेला. क्विरीनियाबाबत लूक चुकला असेल तर पुनरुत्थानाबाबत तो बरोबर कशावरून? कोणतेही न्यायालय साक्षीदाराला असा नियम लावत नाही. चार साक्षीदार एका घटनेची वेळ वेगवेगळी सांगतात तेव्हा वेळेबद्दल शंका राहते, घटनेबद्दलची खात्री उलट वाढते, कारण त्यांनी आपसांत जबान्या जुळवलेल्या नाहीत हे दिसते. वल्हांडणाचे भोजन झाल्यावर येशूला धरले असे मार्क म्हणतो. योहानाच्या वृत्तांतात ते भोजन व्हायच्या आधीच त्याला वधस्तंभावर चढवले जाते. दिवसाबद्दल दोघे जुळत नाहीत, पण पिलाताच्या हुकुमाने येशू मारला गेला यावर ते एकमुखाने ठाम आहेत आणि रोमन इतिहासकार टॅसिटसही तेच नोंदवतो. श्रद्धेचा क्रमही ध्यानात घ्यावा. पुनरुत्थानाची घोषणा आधी झाली, मंडळ्या आधी उभ्या राहिल्या, पौलाची पत्रे त्यांना उद्देशून नंतर गेली, शुभवर्तमाने त्याहून नंतरची. आणि नव्या करारातील २७ पुस्तकांची आज मान्य असलेली यादी अथानासियसच्या पत्रात दिसते ती ३६७ साली. जी श्रद्धा ग्रंथ पुरा होण्याआधी जिवंत होती, ती ग्रंथातील एका तारखेच्या चुकीने मरत नाही. मत्तयाने जखऱ्याचे वचन यिर्मयाच्या नावावर घातले आहे. त्यावर भाष्य करताना यिर्मयाचे नाव तिथे चुकून पडले आहे असे धर्मसुधारक कॅल्विनने सरळ लिहिले आणि ते कसे आले याची फार चिकित्सा करण्याचीही त्याला गरज वाटली नाही. कॅल्विनला कोणी अश्रद्ध म्हणत नाही.

आता ग्रंथ स्वतःविषयी काय म्हणतो ते पाहू. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील प्रसिद्ध वचन या वादात नेहमी पुढे केले जाते. प्रत्येक शास्त्रलेख देवाच्या श्वासातून आला आहे असे ते म्हणते, आणि तो कशासाठी तेही सांगते: शिकवण, दोष दाखवणे, सुधारणूक, नीतीचे वळण. खानेसुमारी आणि कालगणना त्या यादीत नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी श्रुतलेखन केल्याचा दावा करत नाही. आपण प्रत्यक्षदर्शींकडून आलेली माहिती बारकाईने तपासून क्रमवार लिहिली, असे तो सांगतो. सर्वांत बोलका पुरावा करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे. आपण क्रिस्प आणि गायस यांच्याखेरीज कोणालाच बाप्तिस्मा दिला नाही, असे पौल ठासून लिहितो. लगेच त्याला आठवते की स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता. मग आणखी कोणाला दिला असेल तर आठवत नाही, असे म्हणून तो पुढे जातो. हे वाक्य खोडून नव्याने लिहिता आले असते. ते पहिल्या विधानासकट आणि दुरुस्तीसकट राहिले आणि चर्चने ते तसेच पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारले. अडखळणारी, स्वतःला दुरुस्त करणारी माणसाची स्मृती इथे देवाच्या शब्दाच्या आत उभी आहे.

इथपर्यंत खंडन झाले. माझे मंडन असे आहे की बायबलचे प्रामाण्य त्याच्या या प्रामाणिकपणात आणि त्यातील शतकानुशतके चाललेल्या आत्मपरीक्षणात आहे. दावीदाच्या शिरगणतीकडे पुन्हा पाहावे. शमुवेलात दावीदाला ती करायला परमेश्वर स्वतः चेतवतो आणि मग त्याच कृत्याबद्दल प्रजेवर मरी धाडतो. इतिहासाच्या लेखकाला, काही शतकांनंतर, हे देवाच्या स्वभावाला शोभणारे वाटले नाही. त्याने चेतवणारा सैतान आहे असे लिहिले. आकड्यांतल्या फरकापेक्षा हा फरक मोलाचा आहे, कारण देवाविषयीची जाण कशी प्रगल्भ होत गेली ते तो दाखवतो. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असे ‘अनुवाद’ या पुस्तकात फर्मान आहे. रूथचे पुस्तक एका मवाबी विधवेची निष्ठा रंगवते आणि तीच दावीदाची पणजी ठरते. बापांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीला, असे निर्गम म्हणते. जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाचा अपराध वाहणार नाही, असे यहेज्केल ठणकावतो. बायकोला सूटपत्र देऊन सोडण्याची मुभा मोशेने तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली, असे येशू स्पष्ट सांगतो. ज्याला आपण खंडनमंडन म्हणतो ते या ग्रंथाच्या पोटातच चालले आहे. प्रत्येक ओळ सारखीच निर्दोष मानली की हा संवाद मुका होतो आणि अमालेकी लोकांच्या तान्ह्या मुलांना मारण्याचा हुकूम शत्रूवर प्रेम करण्याच्या आज्ञेच्या बरोबरीला येऊन बसतो.

मग कोणती ओळ धरायची आणि कोणती सोडायची हे ठरवणार कोण, असा शेवटचा आक्षेप येतो. ज्याला जे आवडेल ते तो उचलील, ही भीती रास्त आहे. पण निर्दोषत्वाचा सिद्धान्त ती भीती दूर करत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतील असंख्य धर्मोपदेशकांनी गुलामगिरीचे समर्थन केले ते शास्त्राच्या अक्षराला घट्ट धरूनच, आणि त्यांच्या हाती वचनांची कमतरता नव्हती. गुलामगिरीच्याच वादातून १८४५ साली स्थापन झालेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९९५ साली त्याबद्दल क्षमा मागितली. दीडशे वर्षांत बायबलचे एक अक्षर बदलले नव्हते. निवड सगळेच करतात. प्रश्न तिच्या कसोटीचा आहे, आणि ती कसोटी ग्रंथानेच दिलेली आहे: देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञांवर सारे नियमशास्त्र आणि संदेष्टे अवलंबून आहेत, असे येशूने सांगितले. जे वाचन या दोन आज्ञांना छेद देते ते कितीही अक्षरशः असले तरी चुकीचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली व्हिएन्नाचे कार्डिनल फ्रान्झ कोनिग यांनी अब्याथाराचेच उदाहरण देऊन बायबलमधील अशा त्रुटी मोकळेपणाने मान्य कराव्यात असे सांगितले. पुढच्या वर्षी परिषदेने मंजूर केलेल्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने शास्त्राचे सत्य आपल्या तारणासाठी देवाला जे लिहवून घ्यायचे होते त्याच्याशी जोडले. ही पळवाट नव्हे. शास्त्राला त्याचे खरे काम परत देण्याचा तो मार्ग आहे.

मराठी मुलखात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. १८३१ साली मुंबईत मिशनरी जॉन विल्सन आणि हिंदू पंडित मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. मिशनऱ्यांनी पुराणांतील विसंगतींवर बोट ठेवले, आणि ज्या मापाने दुसऱ्याचा ग्रंथ मोजला त्याच मापाने आपलाही मोजू द्यायचा, ही त्या वादांनी घातलेली अट आहे. ती पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याच्या ग्रंथातील आकडे आणि वंशावळी चुकीच्या दाखवून त्याचा धर्म खोटा ठरवू नये, आणि आपल्या ग्रंथातील चुका कोणी दाखवल्या तर त्या लपवूही नयेत. ग्रंथाची परीक्षा त्यातून माणसाला देवाची आणि शेजाऱ्याची ओळख किती खरी पटते यावर व्हावी. बायबलने ही परीक्षा देण्यास घाबरण्याचे कारण नाही, आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही घाबरू नये.